बिराजदार सरांची मोजणी

बिराजदार सर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा हा माणूस भांडायला आलाय, असंच मला वाटलं होतं.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. ते गेल्यापासून मी चालवते. आमच्याकडचं काम ठरलेलं असतं. देवांचे फोटो, लग्नातली जोडपी, निवृत्तीची मानपत्रं आणि गेलेली माणसं. त्या दिवशी साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ आले. उन्हानं रापलेला चेहरा, इस्त्री नसलेला पण स्वच्छ पांढरा शर्ट आणि खांद्याला दोरीनं अडकवलेला प्लॅस्टिकचा पाइप, नळाला वापरतात तसला. पाइपातून त्यांनी एक गुंडाळी काढून काउंटरवर पसरली. तीन फूट रुंद फोटो. खाली पिवळं गवत, वर पांढुरकं आभाळ, मधे एक निळसर रेघ. मी वाकून शोधायला लागले, कारण फोटो म्हटला की त्यात कुणीतरी असतंच.

"यात कोण आहे?"

"कोण नाही की," ते म्हणाले. "नान्नजकडचा माळ आहे."

मी टेपनं माप घेतलं. त्यांनी खिशातून स्वतःची टेप काढली आणि तेच माप पुन्हा घेतलं. मग माझी टेप हातात घेऊन तिचं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"ताई, तुमची टेप दोन मिलिमीटर खाते."

टेप वडिलांची होती. मला राग आला. पण त्यांनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी पट्टीवर धरल्या, आणि खरोखरच माझ्या टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा वाकलेला होता. किती वर्षांपासून, देव जाणे.

"म्हणजे आजवर मी केलेल्या सगळ्या फ्रेमा चुकीच्या?"

"सगळ्या सारख्याच चुकल्यात की," ते म्हणाले. "त्यामुळं कुणाला कळलं नाही."

पुढच्या आठवड्यात ते फ्रेम न्यायला आले तेव्हा माझ्यासाठी नवी टेप घेऊन आले होते.

मल्लिनाथ बिराजदार मूळचे दुधनीचे. घरात कानडी, चौथीपर्यंत शाळाही कानडी, त्यामुळे त्यांच्या मराठीत फोटो ही 'ती' होती आणि गाडी कधीकधी 'तो' होऊन येई. वीस-बावीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात भूकरमापक म्हणून काढली होती. साखळी, टेबल, लाल-पांढरे बांबू घेऊन जिल्ह्यातली शिवारं पालथी घातली होती. मग पंचेचाळिशीच्या सुमाराला चांगल्या कायमच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते फोटोग्राफर झाले. तेही लग्नाचे नाहीत, माळाचे. वर्षातले सात-आठ महिने फिरायचे. बदामी, कच्छ, कोकणातले कातळाचे सडे, एकदा तर थेट स्पितीपर्यंत. जिथं जातील तिथं पाच-दहा जणांना गोळा करून शिकवायचे, आणि तिथं काढलेल्या फोटोंच्या मोठ्या प्रती विकायचे. सोबत कॅमेऱ्याची एक पिशवी आणि कडक भाकरी नि शेंगाच्या चटणीची दुसरी. स्पितीच्या थंडीत तंबूत बसून त्यांनी दिल्लीच्या माणसांना कडक भाकरी फोडायला शिकवली होती, असं ते मोठ्या समाधानानं सांगत.

मला कुतूहल होतं ते एवढंच, की का? दोन-तीन वर्षांच्या ओळखीनंतर एकदा विचारलं.

"जमीन कागदावर काढली ना इतकी वर्षं," ते म्हणाले. "कागदावर ती कुणाची आहे तेवढंच येतंय बघा. कशी आहे ते येत नाही."

प्रत्येक फोटोच्या पाठीमागे ते पेन्सिलीनं काही ओळी लिहीत. मागचा पुठ्ठा लावण्याआधी मला त्या वाचायला मिळत, आणि खरं सांगायचं तर फोटोपेक्षा मला त्याच जास्त आवडत. गाव, शिवार, मालकाचं नाव. मग 'परवानगी: होय.' मग 'वारा: पश्चिमेकडून.' मग कधी 'चहा: दोन वेळा', कधी 'कुत्रं मागं लागलं.' एका फोटोमागे नुसतं 'मालक: दोन भावांत वाद, दोघांना विचारलं' असं होतं. परवानगी न घेता त्यांनी कुणाच्या जमिनीचा फोटो काढला नाही, मग ती जमीन कितीही पडीक असो. मी हसले की म्हणत, "बिनमालकाची जमीन मी आजपर्यंत बघितली नाही ताई. डोंगराला पण मालक असतो. तो भेटत नाही एवढंच."

प्रती कोण घेतं, हेही एक नवलच होतं. शहरातल्या डॉक्टरांनी बऱ्याच घेतल्या होत्या, वेटिंग रूमसाठी. एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की पूर्वी त्यांच्याकडे धबधब्याचा फोटो होता, तो बघून पेशंटना सारखं बाथरूमला जावंसं वाटायचं. माळ लावल्यापासून लोक शांत बसतात.

आणि एकदा पुण्याहून एका मोठ्या हॉटेलचे सजावटकार आले होते. दुकानातच सरांची आणि त्यांची भेट ठरली होती. अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावाचा फोटो त्यांना फार आवडला. सहा फूट रुंद, चार प्रती हव्या होत्या. फक्त उजवीकडचा विजेचा खांब काढून टाका म्हणाले, कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

सरांनी फोटो जवळ ओढला. "हा खांब?"

"हो. बाकी फ्रेम एकदम क्लीन आहे."

"साहेब, हा खांब यावा म्हणून त्या गावानं वर्षानुवर्षं अर्ज केलेत. आला त्या दिवशी पेढे वाटले. मी खाल्लाय त्यातला एक. पाच मिनिटांत कसं काढू मी त्याला?"

सजावटकारांना ही थट्टा वाटली. सरांना थट्टा करता येत नसे. ऑर्डर गेली. मी हळहळले, चार मोठ्या फ्रेमांचं माझंही काम गेलं होतं. सर मात्र तीच प्रत माझ्याकडून साध्या लाकडी पट्टीत फ्रेम करून घेऊन त्या गावाच्या शाळेत लावून आले. खांबासकट.

त्यांच्या कार्यशाळा कशा असतात हे बघायची मला फार इच्छा होती. फोटो छापून झाल्यावर तो कसा जपायचा, हे सांगायला एका रविवारी त्यांनी मला बरोबर नेलं. आठ जण होते. तिघं पुण्याचे, कॅमेऱ्यांच्या मोठमोठ्या पिशव्या घेऊन, बाकीचे इथलेच. जुळे सोलापूर भागातल्या, बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे नुसता मोबाइल. उजाडायच्या आत आम्ही माळावर पोचलो. सगळ्यांनी भराभरा कॅमेऱ्यांची तिकाटणी उभी केली. पूर्वेला तांबडं फुटायला लागलं होतं. आणि सर म्हणाले, "थांबा, आधी विचारून येऊ."

लांबवर एका वस्तीवर धूर दिसत होता. आम्ही सगळे तिकडे चालत गेलो. तिथं एक म्हातारी होती. तिनं परवानगी दिलीच, पण चहा घेतल्याशिवाय सोडीना. चूल धुरकटलेली. दूध काढायचं होतं. शेळी पाय झाडत होती. आमच्या डोळ्यांसमोर सूर्य उगवला, लाल झाला, पिवळा झाला आणि वर आला.

पुण्याच्या एका गृहस्थांना राहवेना. "सर, लाइट गेला!"

"लाइट उद्या परत येतोय," सर म्हणाले. "आजी उद्या बाजारला जाणार आहेत."

म्हातारीनं त्या गृहस्थांकडे बघितलं. "काय काडायला आलाव बाबा?"

"लँडस्केप."

"म्हंजी?"

"म्हणजे... ही जागा."

"हितं काय हाय बगायला?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी वही काढली आणि विचारलं, "तुमीच सांगा की आजी. काय काय हाय हितं?"

म्हातारीनं पदर सावरला. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. मग एकेक सांगत गेली. त्या पलीकडच्या ओघळीत लांडगीण पिल्लं घालते. त्या पांढऱ्या पट्ट्यावर गवत येत नाही, तिथं पूर्वी चुन्याची भट्टी होती. तिचा मालक, म्हणजे नवरा, ऊन लागून गेला तो त्या बोरीपाशी, आणि तेव्हापासून ती तिकडं शेळ्या नेत नाही. सर लिहीत होते. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "आजी, मग तिकडचं गवत कोण खातं?" म्हातारी म्हणाली, "हरणं खात्यात की. त्यास्नी काय ठावं."

त्यानंतर भर उन्हात लोकांनी फोटो काढले. पुण्याचे ते गृहस्थ दिवसभर घुश्शातच होते. पण दोन-एक महिन्यांनी त्यांनी पुण्याहून एक फोटो माझ्याकडे फ्रेमला पाठवला. बोरीचं झाड, भोवती उंच वाढलेलं गवत, डोक्यावर ऊन. मागं पेन्सिलीनं मालकिणीचं नाव होतं.

तर असा हा माणूस. मिलिमीटर सोडायचा नाही, खांब सोडायचा नाही. आणि म्हणूनच पुढं जे झालं ते मला इतकं लागलं.

कार्यशाळेत दाखवायला म्हणून सरांनी आपल्या नोकरीच्या काळातले जुने फोटो काढले होते. तेव्हा ते मोजणीला जाताना एक साधा फिल्मचा कॅमेरा बरोबर ठेवत आणि काम सुरू करण्याआधी एखादा फोटो काढत. त्यातल्या दहा निगेटिव्हजच्या मोठ्या प्रती त्यांनी करून घेतल्या आणि माझ्याकडे आणून दिल्या. वैरागच्या पुढच्या एका वस्तीचा फोटो त्यात होता. काळा-पांढरा. विहीर, विहिरीपलीकडे घायपाताची रांग, मागं नांगरलेलं रान. फोटोभोवती जाड कागदाची चौकट बसवतात, तिला आम्ही माउंट म्हणतो. तिची खिडकी कापताना माझ्या लक्षात आलं, की डाव्या कडेला घायपाताच्या बुडात एक घडीव दगड आहे आणि त्यावर छिन्नीनं काढलेली फुली आहे. माझ्या खिडकीत तो अर्धा कापला जात होता.

सर समोरच बसले होते. मी विचारलं, "सर, हा फुलीचा दगड आत घेऊ की बाहेर ठेवू?"

"कुठला दगड?"

मी बोट ठेवलं. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. बराच वेळ ते वाकून राहिले. रस्त्यावरून कुणाची तरी वरात चालली होती, बँड वाजत होता, ती पूर्ण पुढे गेली तरी ते वर बघेनात. मग म्हणाले, "पाणी द्या जरा."

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं ते असं. त्या शेताची मोजणी त्यांनी केली होती. नामदेव आणि भास्कर अशा दोन भावांची वाटणी होती. जुना नकाशा धरून, हद्दीचा फुली काढलेला जुना दगड शोधून, तिथून मोजायचं असतं. त्यांना विहिरीच्या अलीकडे एक दगड सापडला होता आणि त्यांनी तिथून मोजलं होतं. पण फुलीचा खरा दगड विहिरीच्या पलीकडे, घायपाताच्या आत होता. काट्यांमुळे आत कुणी शिरलं नव्हतं. त्यांनी स्वतः त्याचा फोटो काढला होता आणि तो त्यांना दिसला नव्हता.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे विहीर आणि एक पट्टा धाकट्याचा होता. मी तो थोरल्याला दिला."

"इतकी वर्षं झाली, सर. आता कुणाला..."

"ते भांडतायत अजून," सर म्हणाले. "मला माहीत आहे. धाकटा दोन वेळा ऑफिसला आला होता. रडत होता तो. मी त्याला नकाशा दाखवून परत पाठवला. मी त्याला म्हणालो होतो, कागद खोटं बोलत नाही."

दोन दिवसांनी त्यांच्या पत्नी, शांताकाकू, दुकानात आल्या. एरवी शांत बाई. त्या दिवशी काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "ताई, तू कशाला विचारलीस ती दगड? दोन दिवस झाले, जेवत नाहीत. पेन्शन आहे, पोरगी सुखात आहे, आता हे कुणी सांगितलं होतं?" जाताना दारात थांबून त्या कानडीत काहीतरी पुटपुटल्या आणि मग मराठीत म्हणाल्या, "त्यांच्यासंगं जा. एकटे जातील नाहीतर."

म्हणून मी गेले. एसटीनं, मांडीवर ती फ्रेम धरून. सरांचं म्हणणं होतं की फोटो काचेत असावा, म्हणजे कुणी रागानं फाडणार नाही. वैरागला उतरून पुढं जीप. वाटेत एकदा खिडकीबाहेर बघून ते म्हणाले, "ही शिवार पण मीच मोजली."

वस्तीवर दोन भावांची घरं समोरासमोर होती, मधे लिंबाचं झाड. थोरला नामदेव साठीला टेकलेला, उंच, मिशा पांढऱ्या. भास्कर त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण म्हातारा तोच दिसत होता. सरांनी दोघांनाही झाडाखाली बोलावलं. भास्कर यायला तयार नव्हता. "त्यो बसंल तितं मी बसत न्हाय," म्हणाला. शेवटी तो उभाच राहिला. शेजारपाजारची चार माणसं जमली.

सर उभं राहून बोलले. शाळेत मुलगा चूक सांगताना उभा राहतो तसे. फोटो दाखवला, दगड दाखवला. "मोजणी माझी होती. मी चुकलो. हद्द विहिरीच्या अलीकडून नाही, पलीकडून जाते. भास्करराव तुमचं बरोबर होतं."

मला वाटलं होतं, भास्कर आनंदेल. तो फोटोकडे बघतसुद्धा नव्हता. तो जागच्या जागी खाली बसला आणि त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

बोलला तो नामदेव. "साहेब, तुमी काय बोलताय ते कळतंय का तुमाला? आमी कोर्टात गेलो. आमी डोकी फोडून घेतली. आई गेली तवा ह्यो तिकडनं आला, मी हिकडनं. तिच्या तोंडात पानी घालाय दोगं येका टायमाला आत न्हाय गेलो. आन् तुमी आता फोटू घिऊन येताय व्हय?"

"होय," सर म्हणाले.

"काय व्हय?"

"तुम्ही म्हणताय ते सगळं होय."

नामदेवनं फ्रेम हिसकावून घेतली. मी पुढं झाले. पण त्यानं ती फेकली नाही. डोळ्यांपासून लांब धरून तो बघत राहिला. मग खालून भास्कर पहिल्यांदा बोलला, तेही सरांशी. "मी तुमाला त्या दिवशी सांगितलं हुतं. घायपातात बगा म्हनून. तुमी म्हनला, काटं हायत."

सरांना ते आठवत नव्हतं. पण ते नाकारलं नाही त्यांनी. मान खाली घातली.

"निगा आता," नामदेव म्हणाला. आणि भास्करही म्हणाला, "व्हय, निगा." कित्येक वर्षांत त्या दोघांचं बहुधा तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं.

परतीच्या गाडीत सरांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं? सांगायला नको होतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मलाही," ते म्हणाले. "पण न सांगता मी दुसऱ्याच्या रानात पाय कसा ठेवू?"

त्यांनी खात्याला सगळं लेखी दिलं. तिथल्या ओळखीच्या माणसांनी समजावलं, की आता कशाला. आणि नियमानं फेरमोजणीचा अर्ज शेतकऱ्याचाच लागतो. सर वाट बघत बसले. कच्छची कार्यशाळा त्यांनी रद्द केली. दुकानात येऊन बसत, चहा घेत, जात. भास्करचा अर्ज आला का, असं मी विचारायची, आणि ते नुसती मान हलवायचे.

अर्ज आला तो नामदेवचा.

का, ते मला आजही नीट उलगडलेलं नाही. विहीर जाणार होती ती त्याची. सरांनी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पेरनीला त्या पट्ट्यात गेलो साहेब. औत चालंना. बैल चांगलं हायत, मलाच चालवंना." मग लगेच म्हणाला, "आन् लोकं बी बगत्यात." यातलं खरं कारण कोणतं, ते त्यालाही माहीत असेल की नाही कोण जाणे.

फेरमोजणीच्या दिवशी मी पुन्हा सरांबरोबर गेले. सरांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. त्यानंतर पंधरवड्यानं ते हुबळीला मुलीकडे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेले. ऑपरेशन नीट झालं, वॉकर घेऊन चालतानाचा फोटोही त्यांनी मला पाठवला. आणि महिन्याभरात एका सकाळी त्यांच्या हृदयानं दगा दिला. शांताकाकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होते. ती तशीच बाजूला ठेवून मी शटर ओढलं.

तर तो दिवस. मोजायला एक तरुण बाई आल्या होत्या. साखळी नाही, टेबल नाही. खांबावर बसवलेलं एक यंत्र, आकाशातल्या उपग्रहांशी बोलणारं. सरांना कुतूहल आवरेना. यंत्राभोवती ते गोल फिरून आले, किती अचूक, ढग असले तर काय, असं विचारत राहिले. त्या बाईंनी अदबीनं म्हटलं, "सर, तुम्हाला जागा माहीत आहे. खरा दगड कुठं होता ते दाखवा ना."

"मी दाखवणार नाही," सर म्हणाले. "मी एकदा दाखवलंय. तुमचं यंत्र काय म्हणतं ते बघा."

घायपात केव्हाच गेला होता. यंत्रानं दाखवलेल्या जागी खणलं. काही लागलं नाही. सर लांब बांधावर उभे होते. हातभर सरकून पुन्हा खणलं. टिकाव टणकन वाजला. सगळे धावले. सर आले ते सगळ्यांच्या शेवटी, गुडघा धरत. दीड फूट मातीखाली तो घडीव दगड आडवा पडला होता. भास्करनं तळहातानं माती पुसली. फुली होती.

चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं नवी रेघ मारली. विहीर भास्करच्या बाजूला गेली. नामदेव तेवढ्यापुरता पाठ करून उभा होता.

दुपार झाली. मोजणीच्या बाई यंत्र गाडीत ठेवून निघाल्या. सरकारी माणसानं मोजणीच्या दिवशी कुणाही पक्षाकडे जेवायचं नसतं. सर आता सरकारी नव्हते. लिंबाखाली बाज टाकलेली होती तिच्यावर ते पाय लांब करून बसले. त्यांना संध्याकाळी बार्शीला एका कॉलेजात मुलांना भेटायचं होतं. मला पाचच्या आत सोलापूर गाठायचं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातून नामदेवची बायको ताट घेऊन बाहेर आली. आणि त्याच वेळी अलीकडच्या घरातून भास्करची बायको. दोघींच्या हातात ताटं होती, ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगाची चटणी, वाटीत दही. एकमेकींना बघून दोघी अंगणात थांबल्या. मागं कुणीच फिरलं नाही. आधी एक पुढं झाली, मग दुसरी, आणि बाजेवर सरांच्या दोन बाजूंना दोन ताटं आली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. खाणं त्यांचं चिमणीएवढं, मला माहीत होतं.

"एक मी घेते सर," मी हळूच म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "मलाच दिलंय."

त्यांनी हात धुतला, शर्टाची बाही वर केली आणि सुरुवात केली. मी जीपची वाट बघत रस्त्यापर्यंत आले आणि वळून बघितलं. सरांचं पहिलं ताट संपलं होतं. ते मांडी बदलून दुसऱ्या ताटाकडे वळले होते आणि सावकाश एकेक घास चावत होते. आपापल्या उंबऱ्यावर बसून नामदेव आणि भास्कर ते ताट संपायची वाट बघत होते.